गटाराचं बिल मी का अडवलं

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. लग्नात, दवाखान्यात, एसटीत, कुठंही गाठ पडली की एकच प्रश्न: "बाई, गावाचा आलेला पैसा तुम्ही का अडवलात?"

पंधराव्या वित्त आयोगाचा निधी यायचा हे सगळ्यांना पाठ आहे. त्यातले 2021 पासून 60 टक्के पाणी आणि स्वच्छतेलाच खर्चायचे असायचे, हे कुणाला ऐकायचं नसतं. सभामंडप त्या 60 टक्क्यांतून होत नसे. तो बहुतेक आमदारांच्या शिफारशीनं, पंचवीस-पंधरातून, म्हणजे राज्याच्या 2515 या लेखाशीर्षाच्या निधीतून होतो. झाला की पाटीवर नाव त्यांचं, रखडला की दोष सरपंचाचा.

असो. 2017 ला मी थेट जनतेतून सरपंच म्हणून निवडून आले, पण सदस्य बहुतेक उपसरपंचांचे. बंदिस्त गटाराचं काम कागदावर कुणाचंही असो, करत होता त्यांचा मेव्हणा. उतार उलटा. वरच्या आळीचं पाणी खालच्या वस्तीत समाजमंदिरापुढं तुंबायचं. आणि एमबीत, म्हणजे कामाच्या मोजमाप पुस्तिकेत, लिहून आलं, काम पूर्ण!

पैसे सुटायला ग्रामसेवकाचं आणि सरपंचाचं, दोघांचं डिजिटल सहीचं डोंगल लागायचं. माझं पंचायतीच्या संगणक ऑपरेटरच्या ड्रॉवरमध्ये पडलेलं असायचं, आधीच्या सरपंचांचंही तिथंच असायचं म्हणे. मी ते उचलून घरी आणलं. भाऊसाहेब, म्हणजे ग्रामसेवक, म्हणाले, "मॅडम, एमबी झाल्यावर तुम्ही कशाला मनावर घेता?"

रात्री चार सदस्य घरी आले. बोलणं सगळं मालकांशी. "वहिनींना सांगा जरा." वहिनी तिथंच चहा गाळत होती. ते गेल्यावर मालक म्हणाले, "देऊन टाक. आपल्याला याच गावात राहायचंय." मी नाही म्हणाले, आणि खरं सांगायचं तर त्यात गटाराइतकाच त्या "वहिनीं"चा राग होता.

सकाळी दारात उभा कोण, तर खालच्या वस्तीतलाच पोरगा. ज्याच्या दारात पाणी साचत होतं, त्यानंच गटार खणलं होतं. "ताई, तुमच्या डोंगलापायी माझी मजुरी अडकलीय." मजुरी देणं ठेकेदाराचं काम, मी म्हणाले. कायद्यानं बरोबरच होतं. तो काही न बोलता गेला.

प्रचारात मीच ओरडून सांगायची, एक रुपया पडून राहू देणार नाही. तेव्हाच्या त्या बाईला आता काय सांगू? पैसा वेळेत खर्चणं म्हणजेच काम, असं तिला वाटायचं. पण मजुरी अडकवून बसणं म्हणजे तरी काम होतं का?

शेवटी समाजमंदिरापुढचा तुकडा उकरून नीट टाकला, बाकीचं गटार तसंच राहिलं, आणि मी बिल सोडलं. कुणी म्हणतं हरलात, कुणी म्हणतं मिळाले असतील. मिळाले नाहीत. हरले का, ते दर पावसाळ्यात वेगळं वाटतं.

मागे एकानं माहिती अधिकारात अर्ज टाकला. मीच त्याला म्हटलं, बिलाची नको, एमबीची नक्कल माग. त्यानं बिलाचीच मागितली.