तीळभर फरकानं

आमच्या वाचक मंडळाचा वार्षिक मेळावा संक्रांतीनंतरच्या रविवारी असतो. त्या दिवशी नेमकी मुंबई मॅरेथॉन आली तर आठवडाभर पुढे ढकलतो, पण रथसप्तमीच्या आत उरकतो. तोवरच तिळगूळ चालतो, आणि तिळगुळाशिवाय आमचा मेळावा होत नाही. ते का, ते पुढे सांगते.

मी पहिल्यांदा गेले १९९६ साली, कॉलेजात असताना. गिरगावातल्या एका चाळीची तळमजल्यावरची खोली, एरवी गणपतीच्या मखराचं सामान ठेवायची. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दहा-बारा माणसं तिथे सतरंजीवर बसायची आणि विज्ञानकथा-अद्भुतकथांवर बोलायची. मधोमध वही. वाण्याकडे असते तशी लांबट, लाल कापडी पुठ्ठ्याची. डाव्या पानावर 'वाचणार', उजव्या पानावर 'वाचलं'. या महिन्याचा बेत डावीकडे लिहायचा, पुढच्या महिन्यात त्याच ओळीत उजवीकडे काय वाटलं ते. पुस्तक अर्धवट सुटलं तर का सुटलं तेही. जागा कोरी ठेवायची नाही, एवढा एकच नियम. मेळाव्यात वर्षभराची वही मोठ्यानं वाचायची. दुपारी सुरू झालेलं वाचन दिवेलागणीला संपायचं.

त्या उजव्या पानांवरच्या दोन-दोन ओळींनी मला जेवढं वाचायला लावलं, तेवढं कुठल्याही परीक्षणानं लावलं नाही. एका काकूंचा नेम होता, श्रावणात नाथमाधवांचं 'वीरधवल' काढायचं. दर वर्षी पुस्तक तेच आणि अभिप्राय नवा. एका वर्षी नुसतं लिहिलं होतं, "या खेपेला शेवट वाचला नाही. शेवट नको होता." त्या वर्षी त्यांचे यजमान गेले होते. वाचणाऱ्यानं ती ओळ वाचली आणि पान उलटायला जरा वेळ घेतला. आठवीतल्या एका मुलानं ज्यूल व्हर्नच्या फिलिअस फॉगची ऐंशी दिवसांची सफर वाचून लिहिलं, "मुंबईला एकच संध्याकाळ दिली. कमी दिली." खरंच आहे. दुपारी साडेचारला बोट लागते आणि रात्री आठला आगगाडी सुटते. तेवढ्यात त्याचा नोकर मलबार हिलच्या देवळात बूट घालून शिरतो आणि मार खाऊन अनवाणी पळतो.

पण मेळावा म्हटला की मला आठवतात ड्राफ्ट्समन काका. एका कारखान्यात नकाशे काढण्यात त्यांचा जन्म गेला होता. विज्ञानकथा लिहिणाऱ्या जयंत विष्णू नारळीकरांची टोपणनावाची हकीगत ते दर मेळाव्यात सांगायचे आणि आम्ही दर वेळी नव्यानं ऐकायचो. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला 'कृष्णविवर' ही कथा आली, लेखक नारायण विनायक जगताप. "आद्याक्षरं उलटी वाचा," काका म्हणायचे. ज, वि, ना. हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून पत्नी मंगलाताईंनी कथा उतरवून काढली होती. पहिलं बक्षीस तिलाच मिळालं.

त्याच नारळीकरांच्या 'उजव्या सोंडेचा गणपती' या कथेवर काकूंनी एकदा लिहिलं, "कळली नाही. पण सोंड वळली तेव्हा काटा आला." मेळाव्यात ही ओळ आली तशी काकांनी वाचन थांबवलं. पिशवीतून ट्रेसिंग पेपर काढला, हातभर लांबीची पट्टी कापली, तिला अर्धा पीळ दिला आणि वरच्या मजल्यावरून मागवलेल्या भाताच्या शितांनी टोकं चिकटवली. मग शाईच्या पेनानं त्यावर चिमुकले गणपती काढायला लागले, सगळे डाव्या सोंडेचे, पेन एकदाही दुसऱ्या बाजूला न नेता. खोलीत कोणी बोलत नव्हतं. फेरी पुरी होऊन पेन पहिल्या गणपतीच्या पाठीशी आलं, तेव्हा कागदातून तो आरपार दिसत होता. उजव्या सोंडेचा.

"कागदाला दिला तसा पीळ अवकाशाला असला," काका म्हणाले, "तर त्यातून फिरून येणाऱ्याचं डावं-उजवं असंच पालटेल."

काकूंनी पट्टीवरून बोट फिरवलं, परत फिरवलं. "म्हणजे आपल्या सिद्धिविनायकासारखा झाला," म्हणाल्या आणि हात जोडले. पट्टी त्या घरी घेऊन गेल्या. पुढच्या महिन्यात उजव्या पानावर होतं, "परत वाचली. कळली."

२००५ साली वही गेली. तेव्हा ती दर महिन्याला एकेकाच्या घरी असायची, आणि २६ जुलैला होती कलिन्याच्या ताईंकडे, तळमजल्यावर. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तो दिवस. ताई आणि मुलं शेजारच्या माळ्यावर रात्रभर बसून राहिली. घरातलं सगळं गेलं, पण ताई मेळाव्याला आल्या त्या वहीसाठी रडवेल्या होऊन. पिशवीत वाळवलेली वही होती. पानांना पोपडे आलेले, शाई पसरून नुसतं आकाश झालेलं.

काका म्हणाले, "द्या इकडे. जानेवारी. कोण सांगतं?"

कोणीतरी सांगायला लागलं. स्वतःचं नव्हे, दुसऱ्याचं. फेब्रुवारीत कलिन्याच्या ताईंनी काय लिहिलं होतं ते मला शब्द न् शब्द येत होतं, आणि मी मार्चमध्ये काय लिहिलं ते मी विसरले होते, पण ताईंना पाठ होतं. जुलैपर्यंतचं सगळं वर्ष तसं एकमेकांच्या तोंडून उभं राहिलं. नवी वही आणली ती त्या संध्याकाळी, आणि वर्षाचं पहिलं पान आठवणीतून लिहून काढलं.

आता तिळगुळाचं. नारळीकरांच्याच 'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेत इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत वेगळ्याच इतिहासातल्या मुंबईत येऊन पोचतात. टाउन हॉलच्या ग्रंथालयात बसून ते इतिहास कुठे वळला हे शोधतात, तर तो वळलेला असतो पानिपतावर. आपल्या इतिहासात विश्वासराव गोळी लागून पडले. तिथे ती गोळी तीळभर फरकानं कानाजवळून निघून जाते. पानिपतची तारीख १४ जानेवारी १७६१. म्हणून आमचा मेळावा संक्रांतीच्या सुमाराला, आणि तो सकाळी सुरू होतो सीएसएमटीला, पंत गाडीतून उतरतात तिथे. तिथून चालत टाउन हॉल, पायऱ्यांवर तिळगूळ, मग आझाद मैदान, कारण पंत पुढे तिथेच जातात, आणि मग गिरगावची खोली. तीळ हातावर पडतो तेव्हा प्रत्येक जण तो क्षणभर बघतो. सांगावं लागत नाही.

२० मे २०२५ला नारळीकर गेले. जूनच्या बैठकीत कोणी कोणाशी ठरवलं नव्हतं, तरी डाव्या पानावर एकाखाली एक तेच नाव उतरलं. ते पान आम्ही या जानेवारीत खोलीत न वाचता टाउन हॉलच्या पायऱ्यांवरच वाचलं. डोंबिवली, विरार, पनवेल, कुठून कुठून माणसं आली होती. ड्राफ्ट्समन काका आता नाहीत. काकू खालच्याच पायरीवर बसल्या होत्या, नव्वदीला आल्या आहेत. त्यांची ओळ आली, "उजव्या सोंडेचा गणपती. तिसऱ्यांदा वाचली." मग त्यांनी तिळगुळाच्या डब्याशेजारून एक पाकीट काढलं. आत तीच पट्टी, पिवळी पडलेली. शितं सुटून टोकं मोकळी झाली होती.

फिलिअस फॉगवर लिहिणारा तो मुलगा आता स्वतः शिकवतो. त्यानं पट्टी घेतली, पीळ दिला, आणि लाडवाचा पाक जरासा लावून टोकं जुळवली. काकूंनी दोन्ही हातांत धरून ती उन्हासमोर केली आणि म्हणाल्या, "थांब रे, अजून ओली आहे. बोट मी फिरवते."