गळका सँड फिल्टर, नोंद सातवी: राखेने दाखवलेली रेघ

हौदाचे पाणी वाळूतून गाळणाऱ्या फिल्टरच्या दुरुस्तीच्या मागील नोंदीच्या शेवटी मी मोठ्या उत्साहाने ‘गळती संपली’ असे लिहिले होते. ते वाक्य आज मागे घेतो. मल्टिपोर्टमधले, म्हणजे फिल्टरच्या डोक्यावरील पाण्याची दिशा बदलणाऱ्या व्हॉल्व्हमधले, रबरी स्पायडर गॅस्केट बदलल्यानंतर वेस्टच्या (मळके पाणी बाहेर सोडणाऱ्या) नळीतून येणारी धार थांबली, हे खरे. परंतु ती दोन गळत्यांपैकी केवळ एक होती, आणि दुसरी शोधण्यात माझे पुढचे सोळा दिवस गेले.

ज्यांनी आधीच्या नोंदी वाचल्या आहेत त्यांना हौदाची मापे ठाऊक आहेत: 8 मीटर लांब, 4 मीटर रुंद, म्हणजे पाण्याचा पृष्ठभाग 32 चौरस मीटर, आणि पातळी एक मिलिमीटर उतरली की 32 लिटर गेले असे समजायचे. बादलीची चाचणी मी दर तीन दिवसांनी करीत आहे. पायरीवर ठेवलेल्या बादलीत हौदातल्या पातळीइतकेच पाणी भरायचे आणि चोवीस तासांनी दोन्हींचा उतार मोजायचा, म्हणजे उन्हाने किती उडाले आणि किती गळाले हे वेगळे करता येते. गॅस्केट बदलण्यापूर्वी बादली 11 मिलिमीटर आणि हौद 40 मिलिमीटर उतरला होता. फरक 29 मिलिमीटरचा, म्हणजे रोज 928 लिटर. गॅस्केटनंतर तो 12 मिलिमीटरवर आला, आणि मी तेवढ्यावर समाधान मानून मोकळा झालो. वरुड तालुक्यात, जिथे बोअर खोल खोल जात आहेत आणि संत्र्याच्या बागा टँकरवर जगवाव्या लागतात, तिथे रोज 384 लिटर पाणी कुठे जाते हे माहीत नसताना समाधान मानणे हा माझाच निलाजरेपणा होता.

ती चूक माझ्या नव्हे, आमच्या सालदाराच्या लक्षात आली. फिल्टरच्या चौथऱ्यामागची संत्र्यांची ओळ मृग बहारासाठी ताणावर सोडलेली, म्हणजे तिचे पाणी तोडलेले आहे, त्यामुळे मेच्या मध्यावर तिची पाने मलूल होऊन गळायला हवीत आणि तशी ती गळतही होती. एके सकाळी तो चौथऱ्याशी थांबून म्हणाला, “भाऊ, हे दोन झाडं काऊन सुकून नाई राह्यले जी?” खरोखरच त्या ओळीतली दोन झाडे हिरवीगार होती आणि एकाला तर नवी पालवी फुटली होती. वेस्टची नळी विरुद्ध बाजूला, नारळांकडे जाते. म्हणजे या झाडांना पाणी मिळत होते ते थेट चौथऱ्याखालून.

आता प्रश्न असा की चौथरा मला कधीच ओला का दिसला नाही. याचे कारण मी कामाला बसतो तेव्हा दुपार झालेली असते, आणि 44 अंशांच्या उन्हात व झळांमध्ये सिमेंटवरचा ओलावा मिनिटभर टिकत नाही. पहाटे पाहिले तेव्हा ड्रेन प्लगखाली (फिल्टरची टाकी रिकामी करण्याच्या तळाच्या बुचाखाली) तळहाताएवढा ओला डाग होता. साहजिकच मी ड्रेन प्लगलाच दोषी धरले, टेफ्लॉन टेपचे बारा वेढे दिले, तरी डाग तसाच राहिला. मग प्लगच नवा आणला, त्याच्या ओ-रिंगला सिलिकॉनचे ग्रीस लावले (गाडीचे ग्रीस लावू नका, या वॉशरचे ईपीडीएम रबर पेट्रोलियमने फुगते), तरीही डाग तसाच. येथे सहा दिवस वाया गेले.

अखेर उपाय सापडला तो स्वयंपाकघरात. चुलीतली राख गव्हाच्या चाळणीने चाळून घेतली, टाकी फडक्याने कोरडी केली, आणि खांद्यापासून बुडापर्यंत तिच्यावर राखेचा पातळ थर उडवला. मग पंप सुरू केला. पहिली चार मिनिटे काहीच झाले नाही. दाबाचा गेज 0.8 किलोवर (दर चौरस सेंटिमीटरला) स्थिर होता. त्यानंतर मल्टिपोर्टच्या क्लॅम्पखाली दोन बोटांवर राखेत एक काळसर रेघ उमटली, हळूहळू सहा सेंटिमीटर लांब झाली, तिच्या खालच्या टोकाला एक थेंब जमला आणि तो टाकीच्या पोटावरून घरंगळत थेट ड्रेन प्लगच्या कडेला जाऊन खाली पडला. प्लग बिचारा निर्दोष होता. इतक्या साध्या युक्तीचा इतका आनंद मला फार दिवसांत झाला नव्हता. मी घरातल्या सर्वांना बोलावून ती रेघ दाखवली, आणि कोणालाच तिचे कौतुक वाटले नाही.

रेघ म्हणजे तडा, आणि एफआरपीच्या (काचतंतू घातलेल्या प्लास्टिकच्या) टाकीला मानेजवळ तडा का जावा, हा या नोंदीचा मुख्य प्रश्न आहे. दाब जास्त झाला म्हणावा, तर गेज 1.4 किलोच्या वर कधी गेलेला नाही, त्याआधीच मी बॅकवॉश करतो, म्हणजे पाणी उलटे सोडून वाळू धुतो. उत्तर मला परतीच्या पाइपाकडे पाहताना मिळाले. फिल्टरपासून हौदाच्या भिंतीपर्यंतचा पीव्हीसी पाइप सहा मीटर सरळ आहे, मध्ये एकही वळण नाही, एक टोक भिंतीत पक्के आणि दुसरे मल्टिपोर्टला चिकटवलेले. पीव्हीसी दर अंशाला मीटरमागे साधारण 0.07 मिलिमीटर वाढते. आमच्या प्लंबरने हे जोडकाम डिसेंबरच्या सकाळी, थंडीत केले होते. आज पंप बंद असताना उन्हात त्या पाइपाला हात लावून ठेवता येत नाही. चाळीस अंशांचा फरक धरला तरी जवळजवळ 17 मिलिमीटर वाढ होते, आणि ती वाढ भिंतीकडे जाऊ शकत नसल्यामुळे व्हॉल्व्हला ढकलते. पंप सुरू झाला की पाण्याने पाइप थंड होऊन आखडतो आणि व्हॉल्व्ह पुन्हा ओढला जातो. दिवसातून दोनदा टाकीची मान कोणी पिरगाळत असेल तर ती किती दिवस टिकणार? त्यात भर म्हणजे व्हॉल्व्हखाली आधार नाही, आणि वादळात वीज जाऊन परत आली की स्टार्टरचा ऑटो पंपाला धाडकन उठवतो. ऑटो मी त्याच दिवशी काढून टाकला.

दुरुस्तीची हकिकत थोडक्यात सांगतो, कारण ती अभिमान बाळगण्यासारखी नाही. टाकी रिकामी करताना वाळू मगाने उपसली. कागदावर 85 किलो आहे, ओली उपसताना ती दुप्पट वाटते. बोअरच्या क्षारांमुळे तिचे मुठीएवढे गोळे झाले होते, म्हणजे गेले वर्षभर पाणी वाळूतून नव्हे तर गोळ्यांमधल्या फटींतून जात होते. तडा आतून-बाहेरून घासून काढला, अॅसिटोनने पुसला आणि दुपारी दोन वाजता अर्धा किलो पॉलिस्टर रेझिनमध्ये दोन टक्के हार्डनर घातला. चार मिनिटांत वाडग्यात रेझिनचा दगड झाला, आणि वाडगा इतका तापला की हातातून टाकावा लागला. दुसऱ्या वेळी पहाटे पाचला, शंभर-शंभर ग्रॅमच करीत, काचमॅटचे तीन थर दिले. दोन दिवस टाकी कोरडी राहिली. तिसऱ्या दिवशी चाचणीसाठी दाब 1.5 किलोवर नेला, तेव्हा मॅटच्या कडेने राख पुन्हा काळी झाली. (चाचणी पाण्यानेच करा आणि आतली हवा आधी काढून टाका, दाबलेल्या हवेसह टाकी फुटली तर क्लॅम्पसकट व्हॉल्व्ह तोंडावर येतो.) मानेजवळचा तडा सांधून भागत नाही, टाकी बदलावी लागते, हे नागपूरचे दुकानदार पहिल्या दिवसापासून सांगत होते. त्यांना विक्री करायची आहे असे समजून मी ऐकले नाही.

टाकी बदलायचीच तर 500 ऐवजी 600 मिलिमीटरची घ्यावी, असा बेत मी ठरवला होता आणि या नोंदीच्या पहिल्या खर्ड्यात तसे लिहिलेही होते. परंतु हिशेब केला आणि बेत फिरला. माझा पाऊण अश्वशक्तीचा पंप तासाला सुमारे 10 घनमीटर पाणी देतो. 500 च्या टाकीचे क्षेत्रफळ 0.196 चौरस मीटर, म्हणजे बॅकवॉशला तासाला 51 मीटरचा वेग मिळतो. 600 च्या टाकीत तोच वेग 35 वर येतो, आणि तेवढ्यात वाळू नीट उचलली जात नाही, मळ तळाशीच राहतो. मोठा फिल्टर घ्यायचा तर पंपही मोठा घ्यावा लागेल, आणि मग पाइपही. तेव्हा पुन्हा 500. बागेतला ठिबकचा जुना सँड फिल्टर वापरण्याचाही मोह झाला होता. झाकण उघडून आतला गंज पाहिला आणि क्लोरीनच्या पाण्यात त्याचे काय होईल हे लक्षात येताच झाकण परत लावले.

वाळूविषयी एक तक्रार. मागवलेल्या पोत्यांवर 0.5 मिलिमीटर छापलेले होते, आत मात्र पिठासारखी धूळ आणि ज्वारीएवढे खडे एकत्र. चमचाभर वाळू पेल्यात घेऊन वर लिंबू पिळले तर बुडबुडे आले, म्हणजे चुनखडीही होती. पोती परत केली. गवंड्याचा आग्रह कन्हान नदीची वाळू चाळून भरण्याचा आहे. बांधकामाला ती उत्तमच, पण फिल्टरला एकसारख्या दाण्याची धुतलेली सिलिकाच हवी. आता भरताना टाकी आधी अर्धी पाण्याने भरणार आहे, म्हणजे वाळू पडताना लॅटरल (तळाच्या गाळणी-नळ्या) तुटणार नाहीत, आणि मधल्या उभ्या पाइपाच्या तोंडाला टेप लावणार आहे, जी गेल्या वेळी मी विसरलो होतो.

परतीचा पाइप जमिनीत पुरावा, म्हणजे ऊन लागणारच नाही, असे हे लिहिता लिहिता सुचले; पण आमची काळी माती उन्हाळ्यात हात जाईल इतकी भेगाळते आणि पावसात फुगते, ती पाइपाला सूर्यापेक्षा वाईट वागवील. म्हणून पाइप वरच ठेवून त्यात यू आकाराचे वळण, व्हॉल्व्हजवळ युनियन (उघडता येणारा सांधा), खाली विटांचा आधार आणि वर तुराट्यांची ताटी, असे ठरले. विटांचा खांब काल बांधून झाला असून त्यावर ओले पोते टाकले आहे.

टाकी येईपर्यंत फिल्टरकडे जाणारे दोन्ही व्हॉल्व्ह बंद आहेत, जाळीने पाने काढतो आणि क्लोरीन दिवस मावळल्यावर टाकतो. पाणी थोडे गढूळ झाले आहे. आज सकाळची नोंद: बादली नऊ मिलिमीटर, हौद नऊ मिलिमीटर.