स्लॅब भिंतीला टेकवून ठेवणं कसं बंद केलं – माझा अनुभव

मी दगड कापायचं आणि काच बसवायचं काम करतो. बरीच वर्षं आमच्या शेडमध्ये ग्रॅनाइटचे स्लॅब आणि काचेच्या शीट सरळ भिंतीला टेकवलेल्या असायच्या, खाली दोन फळ्या टाकल्या की झालं, सगळीकडे असंच बघितलेलं त्यामुळे त्यात काही चुकतंय असं कधी वाटलंच नाही. मग एक दिवस मागचा चौथा स्लॅब बघायचा होता म्हणून पुढचे तीन आम्ही हाताने पुढे ओढून धरले, वहीची पानं उलटतो ना तसं. स्लॅब ओले होते, ओले पॉलिश केलेले स्लॅब एकमेकांना घट्ट चिकटतात, तर तिसऱ्याबरोबर चौथाही निघून आला आणि मध्येच सुटला. माझा सहकारी दोन्ही हात पुढे करून अडवायला गेला, मी त्याला मागून शर्टाला धरून ओढला. चारही स्लॅब जमिनीवर आपटून फुटले. तो नुसता खरचटला, पण त्या रात्री मला झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी कागद घेऊन हिशोब मांडला. ३ मीटर लांब, १.८ मीटर उंच आणि २० मिमी जाडीचा ग्रॅनाइट स्लॅब म्हणजे जवळपास २९० किलो. काचेचा हिशोब अजून सोपा आहे, दर चौरस मीटरला दर मिमी जाडीमागे अडीच किलो, म्हणजे १२ मिमीची ३ बाय २ मीटर शीट १८० किलो. ही वजनं तशी माहीतच होती, धक्का पुढच्या आकड्याने बसला. हा २९० किलोचा स्लॅब ५ अंश मागे टेकलेला असेल तर वरच्या कडेला फक्त १२-१३ किलोच्या ओढीने तो उभा होतो, आणि २ अंशच टेकलेला असेल तर ५-६ किलो पुरतात. एकदा उभ्याच्या पुढे गेला की गणित उलटं फिरतं, १० अंश पुढे झुकला तर छातीच्या उंचीवर तुम्हाला ३० किलोच्या वर रेटा लागतो, ३० अंशाला ९० किलोच्या वर. हे एका स्लॅबचं, आमच्यावर तर चार येत होते! म्हणजे सुरुवातीला माणसाला वाटतं की जमतंय, धरलंय, आणि म्हणूनच तो हात सोडत नाही आणि पळायची वेळ निघून जाते. तेव्हापासून शेडमध्ये एकच नियम सगळ्यात वर आहे, पडणारा माल कोणीही धरायचा नाही, फुटू दे.

मग रॅक. वेल्डरकडून ए-फ्रेम करून घेतली, म्हणजे दोन्ही बाजूंना उतरत्या छपरासारखी, दोन्ही अंगांना माल टेकवायचा. पहिली फ्रेम चुकली. पाठ, म्हणजे माल टेकतो ती बाजू, बरोबर होती पण बूड, म्हणजे माल ज्यावर उभा राहतो तो भाग, मी जमिनीला समांतर ठेवायला सांगितलं होतं, त्यामुळे स्लॅब पूर्ण जाडीवर न बसता एका धारेवर बसायचा, आणि काचेच्या दोन शीटच्या खालच्या कडेचे टवके उडाले. बूड पाठीला काटकोनात हवं, म्हणजे ते मागच्या बाजूला थोडं उतरतं झालं पाहिजे. शिवाय काच उघड्या लोखंडावर कधीच टेकवायची नाही, बुडाला आणि पाठीला रबराची पट्टी हवीच, आणि त्या पट्टीत रुतलेला खडा किंवा वेल्डिंगचा दाणा अधूनमधून बघून काढावा लागतो.

कोन किती ठेवायचा यावर बराच वाद झाला. जास्त तिरपा म्हणजे जास्त सुरक्षित असं वेल्डरचं म्हणणं, पण फार तिरपी केली की पातळ काच मध्ये वाकते, मागच्या शीटवर पुढच्या सगळ्यांचा भार येतो आणि जागाही खूप जाते. शेवटी ६ अंश ठरला, काचेसाठी साधारण ५ ते ७ च्या मधे ठेवतात. तपासायला ओळंबा पुरतो, १.८ मीटरच्या पाठीला वरची कड खालच्यापेक्षा १८-१९ सेमी मागे हवी.

ए-फ्रेमचा एक धोका मला आधी कळला नव्हता. एका बाजूला १० स्लॅब म्हणजे २९०० किलो, दोन्ही बाजू भरल्या की पावणेसहा टनांच्या वर, आणि आपल्याला हवा तो रंग नेमका एकाच बाजूला असतो म्हणून तीच बाजू रिकामी होत जाते. एकदा फ्रेमचा पाय जमिनीवरून उचललेला दिसला तेव्हा लक्षात आलं! आता माल आलटून पालटून दोन्ही बाजूंनीच काढतो-भरतो, आणि शेडमधल्या फ्रेम अँकर बोल्टने जमिनीत पक्क्या केल्यात. ज्या मालात सारखं निवडानिवड करावी लागते त्याच्यासाठी वेगळा खाचांचा रॅक केला, प्रत्येक स्लॅबला दोन्हीकडे उभे खांब, त्यामुळे पुढचा न हलवता मागचा क्रेनच्या क्लॅम्पने, म्हणजे स्लॅब पकडणाऱ्या चिमट्याने, बाहेर येतो. माझ्या मते खरा बदल या रॅकने झाला, कारण पानं उलटायचं कामच उरलं नाही.

गाडीवरचा भाग वेगळाच. तिथे दोन बांधण्या लागतात, फ्रेम गाडीच्या हौद्याला आणि माल फ्रेमला, एकाच बेल्टमध्ये दोन्ही उरकायचं नाही. मोठा माल फ्रेमच्या पाठीला, लहान त्याच्यापुढे. काचेच्या कडेवरून रॅचेट बेल्ट, म्हणजे खटक्याने ताणायचा पट्टा, गेला तर ती धार बेल्ट कापते म्हणून कोपऱ्यावर रबराचे किंवा लाकडाचे तुकडे घालतो, आणि निघाल्यावर थोड्या अंतराने थांबून बेल्ट पुन्हा ताणतो, माल बसला की ते हमखास ढिले होतात.

पण सगळ्यात जपायचं ते उतरवताना. एका साइटवर गाडीची एका बाजूची चाकं भुसभुशीत मातीत १० सेमी खचली होती. चाकांमधलं अंतर १.८ मीटर धरलं तर गाडी ३ अंशांच्या वर कलली, म्हणजे आमचे ६ अंश त्या बाजूला ३ च्या आत आले. ड्रायव्हर बेल्ट सोडायला चढला होता, त्याला खाली उतरवला आणि गाडी सपाट जागी घेतली, तिथला माणूस घाई करत होता तरी. आता बेल्टला हात लावायच्या आधी हौद्यावर लेव्हल, म्हणजे पाणसळ, ठेवून बघतो, आणि बेल्ट सुटताना मालाच्या समोर, म्हणजे तो आडवा पडला तर जिथवर येईल तेवढ्या पट्ट्यात, कोणी उभं राहत नाही. उचलणारा कडेला उभा राहतो.

अजून राहिलेत ते उरलेले तुकडे. एक मीटर बाय ६० सेमीचा तुकडा ३२ किलोचा, त्याला कोणी घाबरत नाही म्हणून ते अजून कोपऱ्यात भिंतीलाच आहेत, वेगवेगळ्या उंचीचे, एकमेकांवर रेललेले, आणि असे दहा झाले की ते एका अख्ख्या स्लॅबपेक्षा जड. त्यांच्यासाठी बुटका खाचांचा रॅक वेल्डरकडे टाकलाय, तोवर कोपऱ्यापुढे आडवा बेल्ट बांधून ठेवलाय आणि तिथून तुकडा काढायचा असेल तर पुढून एकेक करून, दोघांनी मिळून.