गिरणेकाठी फ्लाय फिशिंग

साध्या गळाला शिसं लावतात, त्याच्या वजनानं दोरी लांब जाते. फ्लाय फिशिंगमध्ये उलटं. पिसं-दोऱ्याची खोटी माशी इतकी हलकी, की वजन दोरीलाच द्यावं लागतं. फेकायची ती दोरी. माशी तिच्यामागे जाते. वाचून समजलं होतं, हाताला समजायला आजची अख्खी सकाळ गेली.

9 फुटी रॉड घड्याळातल्या 10 आणि 2 च्या मध्ये हलवायचा. मागे नेला की थांबायचं, दोरी पाठीमागे पूर्ण उलगडली की मगच पुढे. ते थांबणंच जमत नाही हो! घाई केली की फटकन आवाज, कधीकधी माशीच तुटून गायब. आणि आपल्याकडे पाठीमागे बाभळी ठरलेल्या. जागा निवडताना पाण्याआधी पाठ बघावी, हे माझं मत.

काठावर जाळं निवडत बसलेले एक भोई बाबा हसून म्हणाले, "भाऊ, मासा पानीमा ऱ्हास, वारामा नही!"

मग त्यांनीच रॉड मागितला. जाळं फेकून तयार झालेला हात तो, दोरी अलगद सरळ गेली. फ्लाय फिशिंगचा नेहमीचा मासा म्हणजे ट्राउट, तो इथे कुठला, पण एक चिलापी माशीपर्यंत येऊन परत फिरली. पुढच्या रविवारी बाबा बिनबाभळीची जागा दाखवणार आहेत. येणार का कोणी?