ऊन तापलं की नदी चढते

भांडुपच्या आमच्या सोसायटीत पाण्याचं खातं माझ्याकडे आहे. म्हणजे टाक्या धुवून घेणं, पंपवाल्याच्या मागे लागणं आणि मे उजाडला की रोज सकाळी सात तलावांचा साठा नोटीस बोर्डावर लिहिणं. हे शेवटचं काम मला कुणी सांगितलेलं नाही. पण भातसा, मोडकसागर, तानसा अशी नावं आणि त्यांच्यापुढे उतरते आकडे दिसले की गाड्या धुणारे पाइप जरा लवकर बंद करतात. सातही तलाव काठोकाठ भरले तर साठा होतो साधारण १४ लाख ४७ हजार दशलक्ष लिटर, आणि शहराला रोज लागतं ३,९०० दशलक्ष लिटरच्या आसपास. १ ऑक्टोबरला जे हातात आहे त्यावर पुढचा जुलै गाठायचा, एवढंच आमचं जलशास्त्र.

२०२४ मध्ये साठा इतका खाली गेला की ५ जूनपासून १० टक्के कपात लागली. त्याच दिवसांत भाचीचा फोन आला. ती हिमाचलमध्ये सुंदरनगरला असते, बियासच्या पाण्यावर चालणाऱ्या वीजप्रकल्पात अभियंता आहे. मी कपातीचं रडगाणं सुरू केलं, तर म्हणते, “मामा, आमच्याकडे उलटं असतं. ऊन तापलं की नदी चढते. पावसाची वाटच बघायला नको.”

हे ऐकून माहीत असतं, पण अंगात मुरलेलं नसतं. माझं गाव संगमेश्वर तालुक्यातलं. आमच्या शास्त्री नदीला जुलैत दोन्ही काठ पुरत नाहीत आणि मे महिन्यात डोहांपुरतं पाणी उरतं. सह्याद्रीवर पाऊस कोसळतो खरा, पण उतार उभा, खाली काळा कातळ. पडलेलं बरंचसं पाणी बघता बघता जयगडच्या खाडीला लागतं. उन्हाळा म्हणजे नदी आटणार, हे आम्हा कोकण्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं. नदीला पाणी यायला ऊन लागतं, हे आमच्याकडे कुणाला सांगून बघा.

तिकडची तऱ्हा अशी: डिसेंबर ते मार्च पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून येणाऱ्या पावसा-बर्फाच्या वादळी प्रणाली, येतात आणि डोंगरावर बर्फ टाकून जातात. ते जागेवरच राहतं. नद्या हिवाळ्यात रोडावतात, झऱ्यांच्या पाण्यावर कशाबशा वाहतात. मार्चमध्ये ऊन वाढलं तरी लगेच पाणी सुटत नाही. आधी बर्फाच्या थराचं तापमान शून्यापर्यंत यावं लागतं, मग वितळलेलं पाणी थरातल्याच पोकळ्यांत मुरतं, त्या भरल्या की खाली झिरपायला लागतं. शिवाय ताजं पांढरं बर्फ बहुतेक ऊन परतवून लावतं. जुनं, मळकं झालं की ते ऊन शोषतं आणि वितळण्याला वेग येतो. एक किलो बर्फ नुसतं वितळायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात तेच पाणी शून्यापासून ८० अंशांपर्यंत तापलं असतं. म्हणून डोंगर एका झटक्यात रिकामा होत नाही. एप्रिलमध्ये खालचे उतार मोकळे होतात, मग बर्फाची रेषा महिनोन्महिने वर सरकत जाते आणि जुलै-ऑगस्टमध्ये हिमनद्यांचं उघडं पडलेलं जुनं बर्फ कामाला लागतं. आमच्या भातशाला भिंत बांधावी लागली. यांचा साठा उतारावरच थांबतो आणि गरमी वाढेल तसा स्वतःहून सुटतो. थोडा हेवा वाटतोच.

भाचीकडे गेलो होतो तेव्हा अटल बोगद्यातून लाहौलला गेलो, पुढे चंद्रा नदीच्या कडेने. जून होता. ड्रायव्हर पहाटेच निघायच्या हट्टाला पेटलेला. “नाला सुबह पार करना है साहब, शाम को नहीं.” सकाळी तो नाला घोट्याएवढा होता, बायकोने सँडलसुद्धा काढली नाही. संध्याकाळी परतताना तोच गढूळ, फुगलेला, तळातले धोंडे एकमेकांवर आपटल्याचा आवाज येतोय, आणि दिवसभरात पावसाचा थेंब नाही! दुपारच्या उन्हात वितळलेलं पाणी खाली पोचायला काही तास लागतात, म्हणून नाले संध्याकाळी चढतात आणि रात्री गारठा पडला की पहाटेपर्यंत उतरतात. खूप खाली, मोठ्या नदीत, हा रोजचा चढउतार पुसट होतो. आमच्याकडे भरती-ओहोटी चंद्राच्या तालावर, इथे चंद्रा नदीची सूर्याच्या तालावर, असा पीजे मी मारला. ड्रायव्हर हसला नाही.

याच कारणाने भाक्रा धरणाचं वर्ष आपल्यासारखं नसतं. तिथे भरण्याचा हंगाम २१ मेला सुरू होतो आणि २० सप्टेंबरला संपतो. २१ मे! मी त्या दिवशी बोर्डावर उतरता आकडा लिहीत असतो. रुडकीच्या राष्ट्रीय जलविज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी काढलेल्या हिशेबानुसार भाक्र्याला येणाऱ्या सतलजच्या पाण्यात सुमारे ५९ टक्के वाटा बर्फ आणि हिमनद्यांचा आहे. हिमाचलमधल्याच पंडोह धरणापाशी बियासमध्ये तो ३५ टक्क्यांच्या आसपास. शेजारच्या दोन नद्यांत एवढा फरक, कारण सतलजचा वरचा भाग तिबेट-स्पितीत, पर्जन्यछायेत. बियासला मात्र धौलाधारच्या डोंगररांगेवर अडकलेला मान्सून मिळतो.

बर्फात पाणी किती हे नुसत्या उंचीवरून कळत नाही. मीटरभर ताज्या भुसभुशीत बर्फात जेमतेम १० सेंटीमीटर पाणी, तर वसंतात दबलेल्या बर्फात त्याच्या तिप्पट-चौपट. म्हणून थरात नळी खुपसून तिच्यात आलेल्या बर्फाचं वजन करतात. ही पद्धत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रुळवली ती नेवाडातल्या जेम्स चर्च यांनी, आणि हे गृहस्थ विद्यापीठात लॅटिन शिकवायचे. मग मी पाण्याचं खातं सांभाळतो याचं कुणाला नवल वाटू नये.

भाचीची खरी काळजी वेगळी आहे. एकूण पाणी तेवढंच आलं, पण बर्फाऐवजी पाऊस म्हणून पडलं, तर ते हिवाळ्यातच वाहून जाणार. वितळणं महिनाभर आधी सुरू झालं तर पंजाबात भातलावणीच्या वेळी, जूनमध्ये, ओढ बसणार. वर्षाची बेरीज जुळूनही महिना चुकला तर काय उपयोग? कपातीत दिवस काढलेल्या मुंबईकराला हे वेगळं समजवावं लागत नाही.

तिला मी एक जुनी गोष्ट सांगितली. भारतीय हवामान खात्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनी १८८४ मध्ये मांडलं होतं की हिमालयात वसंतापर्यंत बर्फ जास्त साठलं की पुढचा मान्सून कमजोर पडतो. उन्हाची ताकद बर्फ वितळवण्यात खर्च होते आणि जमीन उशिरा तापते. ती म्हणाली, “म्हणजे तुमचे तलाव भरावेत म्हणून आमच्याकडे बर्फ पडू नये असं तुम्ही देवाला सांगत असणार!” मी तिला सांगितलं की आता अंदाज बांधताना एकट्या हिमालयाच्या बर्फावर कुणी भिस्त ठेवत नाही, समुद्राचं तापमान आणि बरंच काही बघतात. तिचा विश्वास बसलेला दिसला नाही. हल्ली मनालीला बर्फ पडलं की पहिला फोटो मला येतो, खाली एकच ओळ: “मामा, सॉरी.”