भुरीची नऊ अंडी

मे महिन्यात कोंबडी अंड्यांवर बसवायची नाही, हे मी पशुसखी, म्हणजे गावातल्या कोंबड्या-जनावरांची काळजी घ्यायला शिकवणारी बाई, झाल्यापासून घसा कोरडा करून सांगते. आणि १० मे २०२४ ला, अक्षय तृतीयेच्या रात्री, मावशीच्या भुरीच्या पोटाखाली अकरा अंडी मीच सरकवली.

मावशीचं गाव नागपूरहून उमरेडकडे जाताना लागतं. गाव म्हणायचं एवढंच. तिन्ही बाजूंनी ले-आउट पडले आहेत, मधे पाच-पन्नास कवेलूची घरं तग धरून. ले-आउटमधले लोक मावशीकडून गावरान अंडं पंधरा रुपयाला नेतात आणि कोंबडा पहाटे आरवला की तक्रारही तेच करतात.

भुरी खुडूक झाली, म्हणजे अंडी घालणं सोडून उबवायला बसली, तेव्हा शेजारणींनी नेहमीचे उपाय सांगितले. पाण्यात बुडव, नाकात पीस खुपस, डालग्याखाली दोन दिवस कोंड. मी म्हटलं, बुडवू नका, पीस तर मुळीच खुपसू नका, उंच टांगलेल्या जाळीच्या पिंजऱ्यात ठेवा. पोटाखाली वारा लागला, बसायला मऊ काही नसलं की तीन-चार दिवसांत खुडूक उतरते. मावशी म्हणाली, "उतरवाले कायले? बसून राह्यली तं बसू दे. खुडूक कोंबडीले कॅलेंडर समजते काय वो?"

मला नकार देता आला असता. पण भुरीखाली हात घातला आणि मोह झाला. हात जाताच ती भाकरीसारखी फुगली, कुर्र करून मनगटाला टोचली, पण उठली नाही. पोटाखालची पिसं तिनं स्वतःच उपटून टाकली होती, उघडी कातडी हाताला चटका द्यावा इतकी गरम. दिवसातून एकदाच, पहाटे उठायची, पंधरा मिनिटांत दाणे-पाणी उरकून, घर सोडावं लागेल इतक्या वासाची एकच मोठी विष्ठा टाकून परत. अशी कोंबडी आता पाहायला मिळत नाही. सुधारित जातींची पिल्लं वाटून वाटून गावात अशा कोंबड्या झाल्यात की अंडं घालतात आणि मागं वळूनही पाहत नाहीत. बसण्याची खोड त्यांच्या रक्तातून काढूनच टाकली आहे, म्हणून तर अंडी जास्त. मग बायका मला विचारतात, "ताई, पिल्लं काऊन नाही होत?" वाटणाऱ्यांनी हे आधी सांगायला नको?

मे नको म्हणते त्याचं कारण कोंबडी नसतं, अंडी असतात. कोंबडीखाली जायच्या आधीच ती बिघडतात. साधारण २१ अंशांच्या वर अंड्यातला जीव हळूहळू हलायला लागतो. नागपूरच्या मे महिन्यात घरातल्या फळीवर ३८-४० अंश. म्हणजे फळीवर ठेवलेलं अंडं धड झोपत नाही, धड वाढत नाही, आणि चार-पाच दिवसांत आतल्या आत संपतं. लोक दोष कोंबडीला देतात. म्हणून मी मावशीला पसरट घमेल्यात ओली वाळू भरायला लावली, त्यात मडकं रोवलं, मडक्यात अंडी टोक खाली करून, वर ओलं फडकं. चार दिवसांच्या आतलीच अंडी घेतली. मावशीच्या तीन कोंबड्यांची पुरली नाहीत तेव्हा शेजारणीची चार आणली. टोपल्यात आधी राख, वर कुटार म्हणजे भुसा, कडेनं कडुलिंबाचा पाला, पिसवा होऊ नयेत म्हणून. मावशीनं माझ्या डोळ्यांदेखत कुटारात एक खिळा आणि कोळशाचा तुकडा सरकवला, विजेच्या कडकडाटानं अंडी गढूळ होऊ नयेत म्हणून. मी काही बोलले नाही. खिळा अंड्यांना लागणार नाही एवढं पाहिलं.

सातव्या रात्री बॅटरी लावून पाहिलं. मोबाईलच्या टॉर्चवर पुठ्ठ्याचं भोक धरायचं, अंड्याची रुंद बाजू भोकाला टेकवायची. जिवंत अंड्यात कोळ्यासारखं काहीतरी दिसतं, मधे ठिपका आणि चहूकडे लाल धागे, आणि ठिपका हलतो. नऊ अंड्यांत हलला. शेजारणीची दोन स्वच्छ, काचेसारखी. तिनं कोंबडा शिमग्यालाच विकला होता, हे मला नंतर कळलं. ती दोन काढली. राहिली नऊ.

टोपलं मावशीच्या मधल्या खोलीत होतं. मातीच्या भिंती, कवेलूचं छप्पर, वर पऱ्हाटीच्या काड्यांचा थर. लसीच्या डब्यातलं माझं थर्मामीटर तिथं भर दुपारी ३८ दाखवायचं, रात्री ३५. बाहेर भट्टी पेटलेली असताना ती खोली म्हणजे मावशीच्या सासऱ्यानं नकळत बांधून ठेवलेलं उबवणी यंत्र. यंत्रात ३७.५ ठेवतात. दुपारी भुरी अंड्यांवर नीट बसायचीही नाही, पंख फाकवून, चोच उघडी ठेवून नुसती उभी राहायची. मी भिंतीला ओलं पोतं टांगायला सांगितलं होतं, एवढंच.

मग आला ३० मे. विसावा दिवस.

त्या दिवशी नागपूरच्या एका स्वयंचलित केंद्रानं ५६ अंशांची नोंद दाखवली आणि दुपारपर्यंत ती प्रत्येकाच्या फोनवर होती. पुढे हवामान खात्यानं सांगितलं की तिथलं सेन्सर बिघडलं होतं. पण पुढे. त्या दुपारी मावशीचा भाचा फोन घेऊन धावत आला, म्हणाला, छप्पन डिग्री झाली, कोंबडी मरते आता. आणि टोपलं उचलून त्यानं समोरच्या स्लॅबच्या खोलीत, कूलरच्या थेट पुढ्यात नेऊन ठेवलं. पोरगा मनाचा चांगला आहे. कामाचा नाही.

टोपलं हललं, कूलरचा पंखा घरघरला, भुरी उडाली ती थेट कडुलिंबावर. खाली येईना. अंडी दोन वाजल्यापासून कूलरच्या ओल्या वाऱ्यात उघडी. मला सात वाजता फोन आला, तोही "कोंबडी झाडावर बसली" एवढाच. त्या दिवशी मी शेजारच्या टोल्यावर, म्हणजे वस्तीवर, लासोटाचे थेंब टाकत होते. लासोटा म्हणजे कोंबड्यांच्या मानमोडी रोगाची लस, लहान पिल्लांच्या डोळ्यात एक-एक थेंब. बाटली शंभर डोसांची, एकेका घरी पिल्लं दहा-बारा, आणि एकदा विरघळवली की दोन तासांत संपवायची. दहा घरांची पिल्लं एका वेळी गोळा करणं म्हणजे लग्नाची पंगत बसवणं. त्यातून फोटोही काढायचे, ठिकाणासकट, वर पाठवायला. फोटो गेला की काम झालं. पिल्लू जगलं की मेलं, हे विचारायला आजवर कोणी फोन केलेला नाही.

पोचले तेव्हा मावशी अंड्यांवर लुगड्याचा पदर धरून बसली होती. "गार झाले वो माय. मेले काय?" अंडं हातात घेतलं, माठाच्या बुडासारखं गार. कूलरच्या खोलीत २८ अंश. मी एकेक कानाला लावलं. तिसऱ्यात आवाज आला. नखानं कागद खरवडावा तसा, आणि त्याच्यामागून अगदी बारीक चीऽ.

विसाव्या दिवशी पिल्लू पूर्ण झालेलं असतं, अंगची थोडी ऊब त्याची स्वतःची असते. पाच तास गारठलं तर मरतंच असं नाही, मंदावतं. हे मला माहीत होतं. हे नीट लक्षात ठेवा, कारण पुढे मी ते विसरले.

अंडी परत मधल्या खोलीत नेली. संध्याकाळीही तिथं ३७ अंश होते, आणि भुरी झाडावर. म्हणजे दोन तास त्या अंड्यांवर नागपूर बसलं होतं. मी टोपल्याभोवती ओली पोती लावली, कारण शेवटच्या तीन दिवसांत ओल हवी. नाहीतर कवचाआतला पापुद्रा वाळून पिल्लाला चिकटतो. अंधार पडल्यावर भाच्यानं भुरीला फांदीवरून उतरवलं. अंधारात कोंबडी भांडत नाही. टोपल्यात ठेवली, वर डालगं झाकलं. पाच मिनिटं सगळं शांत. मग आतून कुटार सरकवल्याचा आवाज आला, ती चोचीनं अंडी पोटाखाली ओढत होती. मावशीनं कपाळाला हात लावला.

३१ ला एकविसावा दिवस. मी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, आज. संध्याकाळी गटातल्या सहा-सात बाया जमल्या. काही झालं नाही.

१ जूनला सकाळी आठला गेले तर भुरीच्या पंखातून तीन डोकी बाहेर. दुपारपर्यंत पाच. एक काळं, एक भुरीसारखंच, तीन पिवळट. आणि सहाव्या अंड्याला टवका. आठ वाजताच दिसला होता, डाळीएवढा, आतून चोचीचं टोक. वर पांढरा ठिपका असतो चोचीवर, तोही दिसत होता. दुपारी बाराला तेवढाच. चारला तेवढाच. आवाज यायचा, मग थांबायचा.

मी बायांना शिकवते त्यातलं पहिलं वाक्य असं: पिल्लाला बाहेर काढायला मदत करू नका. टवका पडल्यापासून पिल्लू बाहेर येईपर्यंत २४ तासही लागतात. ते आळशीपणानं थांबलेलं नसतं. पापुद्र्याच्या शिरांमधलं रक्त अंगात ओढून घेत असतं, उरलेला पिवळा बलक बेंबीतून पोटात घेत असतं. त्या बलकावर ते पुढे दोन दिवस न खाता राहतं. घाई केली की दोन्ही अर्धवट.

मग मी का केलं? भुरी उठायला लागली होती. पाच पिल्लं खाली चिवचिवत होती आणि तिला त्यांना घेऊन निघायचं होतं. बाहेर लू अशी की ओलं पोतं वीस मिनिटांत कडक. टवक्याच्या कडेचा पापुद्रा मला पिवळसर दिसला, वाळल्यासारखा, आणि वाळलेला असेल तर मदत न करणं हाही गुन्हाच. बाया उभ्या होत्या, एकीचा फोन चालू होता. आणि माझ्या डोक्यात एकच हिशोब, एकविसावा दिवस कालच झाला. सात वाजता मी चिमटा उकळत्या पाण्यातून काढला.

कवचाचे तीन तुकडे नीट निघाले. चौथ्याला पापुद्रा आला आणि त्याखाली दोऱ्याएवढी लाल रेघ उमटली. मग थेंब. मी तिथंच थांबले, हळद दाबली, तुकडा परत लावायचा प्रयत्न केला. कवच परत लागत नाही. अकरा तास झाले होते.

पहाटे मावशीचा फोन आला नाही, मीच गेले. पिल्लू अर्ध्या कवचात होतं, पाय बाहेर, बेंबीशी बोराएवढा पिवळा बलक तसाच. पिसं वाळलीही नव्हती.

मावशी म्हणाली, "ते कमजोरच होतं, राहू दे." मी हो म्हटलं.

आणि त्याच दुपारी, २ जूनला, सातव्या अंड्यातून पिल्लू आलं. ते अंडं टोपल्याच्या तळाशी राखेत रुतलं होतं, माझ्या नजरेला पडलंच नव्हतं. टवका कधी पडला माहीत नाही, कोणी चिमटा लावला नाही. भुरीनं बाकीच्या पाचांना पंखात घेऊन त्याची वाट पाहिली. तेविसावा दिवस. पाच तासांच्या गारठ्यानं मागं पडलेलं, आणि तसं मागं पडणार हे मला ३० तारखेला संध्याकाळीच माहीत होतं.

उरलेली दोन अंडी मी घरी नेऊन फोडली. ते करावंच लागतं, नाहीतर पुढच्या वेळी काय चुकलं ते कळत नाही. दोन्हींत पूर्ण वाढलेलं पिल्लू. एकाचं डोकं निमुळत्या टोकाकडे होतं, हवेच्या पोकळीच्या उलट बाजूला. ते तसंही निघणं कठीण. दुसऱ्यात काही दोष सापडला नाही. ते भाच्याच्या खात्यावर टाकते. पण सहावं? त्याचा पापुद्रा खरंच वाळला होता का? मी तो तुकडा जपून ठेवायला हवा होता. आठवते तेव्हा कधी पिवळा दिसतो, कधी पांढरा.

अहवालात मी लिहिलं: अंडी नऊ, पिल्लं सहा, मरतुक तीन, कारण उष्णता. वर कोणाला शंका आली नाही. ५६ डिग्रीची बातमी सगळ्यांनीच वाचली होती.

भुरीची सहापैकी पाच पिल्लं जगली, एक घारीनं नेलं. जुलैत गटाची बैठक होती, मी तेच शिकवलं. टवका पडला की २४ तास हात लावायचा नाही, गारठा लागला असेल तर एक दिवस आणखी मोजायचा. हे शेवटचं मी आता नव्यानं सांगते. मावशी पहिल्याच ओळीत बसली होती, सुपारी कातरत. तिनं मान वर केली, माझ्याकडे पाहिलं आणि परत अडकित्त्याकडे पाहिलं. मी लासोटाच्या बाटलीकडे वळले.