तुम्ही विचारलंत म्हणून: सोन्यासाठी मेटल डिटेक्टर कुठलं?

ॲडलेडला नवीन आलेला मराठी माणूस तिसऱ्या भेटीत हमखास विचारतो, “समुद्रावर सोनं सापडतं म्हणे, कुठलं डिटेक्टर घेऊ?” “मल्टी-फ्रिक्वेन्सी घे,” म्हणून मी विषय बदलू बघतो. “स्वस्तातलं नाही का चालणार?”

चालेल की. टॉवेल टाकून लोक बसतात त्या कोरड्या वाळूत एका फ्रिक्वेन्सीचं मशीन झकास चालतं. ओल्या वाळूतल्या खाऱ्या पाण्यातून मात्र वीज वाहते, ती त्याला धातूच वाटते आणि ते उगाच किरकिरत राहतं. मल्टी-फ्रिक्वेन्सी मशीन दोन-चार फ्रिक्वेन्सी ताडून मिठाचा गोंगाट बाजूला काढतं. तिसरा प्रकार पल्स इंडक्शन, चुंबकीय ठोके देणारं मशीन; त्याला मिठाचं फारसं सोयरसुतक नाही, पण खिळा की अंगठी हे ते धड सांगत नाही. बसा खणत.

हे मला तेव्हाही ठाऊक होतं. २०१८ मध्ये मिनलॅबचं इक्विनॉक्स हे मल्टी-फ्रिक्वेन्सी मशीन बाजारात आलेलं, कंपनीही याच गावची. तरी घेतलं दुसरं, स्वस्तातलं, एका फ्रिक्वेन्सीचं. हौसेला किती घालायचे?

मग साताऱ्याहून लेकीकडे आलेल्या एका काकूंचं मंगळसूत्र हेन्ली बीचच्या जेट्टीजवळ लाटेत तुटून गेलं. लेकीचा फोन: “दादा, तुमच्याकडे ते मशीन आहे ना?” गेलो ऐटीत. पहिल्या संध्याकाळी कॅनच्या कड्याच कड्या. वैतागून डिस्क्रिमिनेशन, म्हणजे नको त्या धातूंचे आवाज गाळणारं सेटिंग, वाढवलं, कड्या आणि फॉइल गप्प केले. पुढच्या दोन संध्याकाळी ओहोटी गाठून तीच वाळू विंचरली. मशीन शांत. काकू पदर खोचून मागेमागे. “राहू दे रे बाळा, जेवायला चल.”

चौथ्या दिवशी घरी लाकडी फरशीवर टॉवेल घातला, बायकोचं मंगळसूत्र ठेवलं, वरून मशीनची कॉइल, म्हणजे खालची तबकडी, फिरवली. चकार शब्द नाही. डिस्क्रिमिनेशन काढलं, तेव्हा कुठे वाट्यांवर बारीकसा आवाज आला, पडद्यावर नंबर फॉइलचा. बाकी सर मुकाच. मशीनला साखळी दिसत नाही, एकेक कडी दिसते, आणि ती कडी केवढीशी! बोल कुणाला लावू? सोन्याकडे काणाडोळा कर, असं मीच त्याला बजावलं होतं. कदाचित दोनदा त्याच्यावरून चाललोही असेन.

काकूंना हे सांगितलेलं नाही.

आता मल्टी-फ्रिक्वेन्सी आहे, डिस्क्रिमिनेशन शून्यावर, कड्यांसकट सगळं उपसतो. त्या पट्ट्यात दोन अंगठ्या निघाल्या, ते मंगळसूत्र नाही. पहिल्याच रात्री लाटांनी ते आत ओढलं असेल, असं मी म्हणतो. बायकोला पटत नाही.